डब्याचा तळ बघणारे काका

दिलेला फराळ परत आला, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं. चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे, सगळं जसंच्या तसं. चिमूटभर चिवडासुद्धा कुणी चाखला नव्हता.

आमच्या फ्रीमाँटमधल्या टाउनहाउसची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. तिथे एक चिनी बाई राहते. चाळिशीची, चिपच्या कंपनीत इंजिनियर, आणि सोबत सहा वर्षांची मुलगी. तिची आई तिकडे गावी वारली, वडील एकटे पडले, म्हणून ऑक्टोबरात तिने त्यांना सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. काटक, ताठ, पंच्याहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. सकाळी हात मागे बांधून गल्लीच्या टोकापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले. त्या वयाच्या माणसाला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.

दिवाळीत मी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना फराळ देते. शेजारणीची मुलगी आता शाळेत जायला लागली, तेव्हा तिला खाऊला म्हणून पैशांचं एक पाकीटही द्यावं असं त्या वर्षी मनात आलं. दुपारची वेळ, पोरगी शाळेत, तिच्या हातात देता येणार नव्हतं. पाकिटाला तेल लागू नये म्हणून मी ते डब्याच्या तळाशी, फॉइलच्या खाली सरकवलं, वर फराळ रचला आणि काकांच्या हातात डबा देऊन आले. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, मान लववली.

अर्ध्या तासात बेल वाजली. काका दारात. एका हातात डबा, डब्यावर पाकीट, दुसऱ्या हातात फोन. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि त्यातली भाषांतर करणारी बाई बातम्या वाचतात तशा शुद्ध मराठीत म्हणाली, "आपले काय काम आहे?"

मी म्हटलं, "माझं काही काम नाही. तुम्हीच आलात."

फोनने ते चिनीत सांगितलं. काकांनी पाकिटावर बोट ठेवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग डबा माझ्या हातात देऊन, पाठ फिरवून, सावकाश चालत निघून गेले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चकल्यांच्या भाजणीपासून सगळं मी घरी केलं होतं. नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता, त्याला मी खाली बोलावून हा प्रकार ऐकवला. तो शंकरपाळे खात खात म्हणाला, "अगं, पण तिच्या कमिटीकडे आपलं ॲप्लिकेशन पेंडिंग आहे ना?"

होतं. नाही कशाला म्हणू? मला मागच्या अंगणात तळणासाठी एक शेगडी आणि वर छोटंसं छप्पर हवं होतं. आमच्या वसाहतीत घराबाहेर खिळा ठोकायलाही समितीची परवानगी लागते आणि शेजारीण त्या समितीवर होती. पण म्हणून काय? फराळ मी इथे आल्यापासून देते. शेजारणीच्या आधी तिथे राहणारा गोरा म्हातारा माझ्या चकल्या खारींना घालायचा, तरी त्यालाही देत होते. नवरा म्हणाला, "फराळ दर वर्षी. पाकीट यंदाच." संध्याकाळी शिकागोहून आमच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला, तर त्याने तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, टेक्निकली धिस इज अ ब्राइब." मी फोन बंद केला.

शनिवारी सकाळी शेजारीण आली. ओशाळलेली होती. म्हणाली, "तो डबा अजून आहे का? मला तुमची ती गोल, काटेरी वस्तू आवडते." मी चकल्या पुढे केल्या. आमच्या ओट्याला टेकून, उभ्या उभ्या खात तिने वडिलांची हकिकत सांगितली.

काका पक्षात होते. त्यांच्याकडे पक्ष एकच आणि तोच सरकार, त्यामुळे शाळेच्या प्रवेशापासून रस्त्याच्या कंत्राटापर्यंत सगळं पक्षाच्या माणसांच्या हातात. ती माणसं खातात. मग त्यांना धरायला पक्षाचीच एक शिस्त समिती असते. आपल्याकडच्या तालुक्याएवढ्या त्यांच्या भागात काका त्या समितीवर होते. कुंपण शेत खातंय का ते बघायला ठेवलेलं आतलं कुंपण, असं म्हणा. फळांचे, मिठायांचे खोके लोक अधिकाऱ्यांच्या घरी आणून द्यायचे आणि पाकीट असायचं खोक्याच्या तळाशी, कागदाखाली. मी तेल लागू नये म्हणून जिथे ठेवलं, नेमकं तिथे.

"ते कुणाकडूनही काही घ्यायचे नाहीत," ती म्हणाली. "एकदा कुणीतरी सफरचंदांची टोपली दारात ठेवून गेलं. देणारा कोण ते कळेना, म्हणून परत करता येईना. घरात घ्यायची तर बाबांची परवानगी नाही. ती टोपली आमच्या जिन्यात सडली. मी रोज शाळेत जाताना तिच्या बाजूने जायचे. मी आठ वर्षांची होते आणि मला सफरचंदं फार आवडायची."

हे सांगताना ती हसत होती. पुढचं सांगताना हसली नाही. बाराव्या वर्षी तिला गावातल्या चांगल्या शाळेत जायचं होतं. परीक्षेत ती थोडक्यात मागे राहिली. हेडमास्तर स्वतः घरी येऊन म्हणाले होते की वडिलांनी नुसता एक शब्द टाकला तरी पुरे. काकांनी तो शब्द टाकला नाही. ती दूरच्या शाळेत गेली, तिथून हट्टाने शिकली, इथवर आली. "माझं काही बिघडलं नाही," ती म्हणाली. "पण आमच्या घरात कुणी कुणाकडे काही मागत नाही, ही सवयच लागली. आता मला वाटतं त्यांनी इथेच राहावं. मुक्काम वाढवायचा अर्ज करता येतो, पण मुदतीआधी करावा लागतो. मार्चअखेरचं त्यांचं परतीचं तिकीट आहे. तिकडे त्यांना भेटायला कुत्रंही येत नाही. इतक्या लोकांना पकडलंय त्यांनी."

"मग सांग ना त्यांना, राहा म्हणून."

"मी म्हटलं तर ते माझ्यासाठी राहतील, कर्तव्य म्हणून. त्यांना स्वतःला राहायचंय का, माझ्यासोबत राहायचंय का, ते मला कळायला हवं. आणि ते कधीच सांगणार नाहीत."

मला तिचा राग आला आणि कीवही. आमच्या घरी कुणाला काही हवं असलं तर तीन खोल्या ऐकतात. एवढी शिकलेली बाई, बाप भिंतीपलीकडे बसलाय, आणि एक वाक्य विचारता येत नाही. पण दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, असं मी त्या दिवशी तरी ठरवलं.

डिसेंबरात माझा अर्ज नामंजूर झाला. छपराचा रंग बाकीच्या घरांशी जुळत नाही म्हणे. शेजारणीने मतच दिलं नव्हतं. काकांनी तिला सांगितलं होतं की जिच्याकडून तू खाल्लंस तिच्या अर्जावर तू बोलायचं नाहीस. ती उठून बाहेर गेली आणि एका मताने माझी शेगडी गेली. म्हणजे फराळ दिला नसता तर मंजूर झाली असती. हे कळल्यावर मी पंधरा दिवस त्या घराकडे बघितलं नाही. कचऱ्याचे डबे बाहेर काढतानासुद्धा तोंड दुसरीकडे.

पण मग संक्रांत आली. संक्रांतीचं एक वाईट आहे, जिच्याशी भांडण तिच्याकडेच आधी तिळगूळ घेऊन जावं लागतं. माझी आई नागपुरात जावेशी वर्षभर बोलायची नाही, पण त्या दिवशी वाटी घेऊन जायची. तेव्हा मीही तिळाच्या वड्या डब्यात भरल्या आणि दुपारी शेजारची बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. डबा घेतला आणि माझ्यासमोरच उघडला. एक वडी उचलली, दुसरी उचलली, खालचा कागद बोटाने वर करून तळ बघितला. मी कमरेवर हात ठेवून उभी. मग फोनवर बोलले. फोनमधली बाई म्हणाली, "समितीने आपला अर्ज नाकारला आहे. हे आपल्याला ठाऊक आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"माझ्या मुलीने आपल्याला मदत केली नाही."

"तेही ठाऊक आहे."

"तरीही?"

"तरीही," मी म्हटलं. "आज सण आहे. घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर आणा इकडे."

फोनने हे कसं सांगितलं कोण जाणे, पण काका हसले. वडी तोंडात टाकली आणि चावत, माझ्याकडे बघत दारातच उभे राहिले. मग दुसरी घेतली. मला म्हणजे इतकं बरं वाटलं की मी गोड बोला म्हणायचं विसरून घरी आले.

नंतर त्यांनी मला समजावलं की तीच त्यांची तपासायची रीत होती. भेट आली की नोंदवून परत पाठवायची आणि वाट बघायची. ज्याचं काम अडलं तो पुन्हा भेट घेऊन येतो. काम झालं तोही येतो, पुढच्या कामाची सोय म्हणून. काम कायमचं फिसकटल्यावरही जो डबा घेऊन येतो, तो शेजारी. "तुमच्या नोकरीत असे शेजारी किती भेटले?" मी विचारलं. काकांनी बोटं उघडली नाहीत, मूठच दाखवली.

तेव्हापासून ते दुपारी आमच्याकडे यायला लागले. मी घरूनच काम करते. सॉफ्टवेअरमधल्या चुका काढते, टेस्टर आहे, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला नाही. स्वतःचा थर्मास आणायचे, त्यातलं कोमट पाणी प्यायचे. माझा चहा त्यांनी फेब्रुवारीपर्यंत घेतला नाही. स्टुलावर बसून, फोन ओट्यावर उभा करून, गोष्टी सांगायचे आणि मी लॅपटॉप बाजूला सारून ऐकायची.

त्यांच्या गावात एक दुकान होतं, तिथे भेटवस्तू विकत घेतल्या जायच्या. अधिकाऱ्याला महागडी दारू मिळाली, सिगारेटी मिळाल्या, की त्याची बायको त्या दुकानात विकून यायची. दुकानदार तीच बाटली पुढच्या गरजवंताला विकायचा आणि तो ती पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे घेऊन जायचा. काकांनी एका बाटलीच्या लेबलवर नखाने बारीक खूण केली आणि ती एकाच घरात पुन्हा पुन्हा जाताना पाहिली. कुणी झाकण उघडलं नव्हतं. एका अधिकाऱ्याच्या आईची सत्तरी तर दोनदा साजरी झाली, कारण वाढदिवसाला पाकिटं येतात. दुसऱ्या सत्तरीला म्हातारी म्हणाली, मी आता बहात्तरची आहे रे. मी इतकी हसले की नवरा वरून बघायला आला.

मीही त्यांना आमच्याकडचं सांगितलं. दिवाळीत साहेबांच्या बंगल्यावर जाणारे सुक्या मेव्याचे डबे, काजूखाली काय असतं ते. काका अगदी घरचं काही ऐकावं तसे मान हलवत होते. एकदा आमचं भांडणही झालं. आमच्यात आलेला डबा रिकामा परत करत नाहीत, असं मी सांगितलं, तर म्हणाले, सगळं तिथूनच सुरू होतं. पैशांनी नाही, भिडेने. मी म्हटलं, भीड नसेल तर माणसं एकमेकांच्या दारात कशाला जातील? तुमच्या दारात कोण येत होतं? हे बोलायला नको होतं.

मग त्यांनी मित्राची गोष्ट सांगितली. दोघं एकाच वर्षी पक्षात आले होते. तरुणपणी धरणाच्या कामावर एका पांघरुणात झोपले होते. मित्र वर चढत गेला, तालुक्याचा मुख्य झाला. त्याने खरोखर रस्ते केले, शाळा बांधल्या, आणि प्रत्येकात खाल्लं. पुरावे काकांच्या हाती आले. "त्याला न्यायला मीच गेलो," फोन म्हणाला. "त्याने चहा केला. मी घेतला नाही. तो म्हणाला, तू कधीच घेतला नाहीस. तो बरोबर बोलला. मी त्याला पकडले हेही बरोबर होते. परंतु चहा घ्यायला हवा होता."

फोनमधली बाई हे नेहमीच्याच आवाजात बोलली. काका खिडकीबाहेर बघत होते. मी काही न विचारता चहा टाकला, आलं घालून, आणि त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी घेतला. साखर जास्त आहे म्हणाले.

ते दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मुलगी लांब, नवरा मीटिंगांत, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी दुपारी गप्पांना येत होतं. मार्च लागला तशी मीच रोज कॅलेंडर बघायला लागले. तिकीट तसंच होतं. शेजारणीला कचऱ्याच्या डब्यांपाशी विचारलं तर ती म्हणाली, "ते काही बोलले नाहीत." काकांना आडून विचारलं तर म्हणाले, "मुलीने काही म्हटलेले नाही." दोघांना एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी घालावी, असं मला वाटत होतं.

मुक्कामाची मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना, एका रविवारी सकाळी काका आले. त्यांची वेळ दुपारची, म्हणून मला नवल वाटलं. केस नीट विंचरलेले, कोट घातलेला, आणि हातात कागदी पिशवी. आत आले, पण स्टुलावर बसले नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवली, मग उचलून टेबलावर ठेवली, मग थोडी माझ्या दिशेने ढकलली. त्यांच्या अंगणातली संत्री होती, पानांसकट तोडलेली. नागपूरकरणीला संत्री द्यायची म्हणजे धाडसच.

"हे काय?" मी विचारलं.

काकांचे कान लाल झाले. फोन म्हणाला, "माझे आपल्याकडे एक काम आहे."

मी खुर्चीत बसले. ते उभेच.

"माझी मुलगी आपले ऐकते. मला येथे राहावयाचे आहे. तिच्याजवळ. मी तिला हे सांगू शकत नाही, कारण मग तिला नाही म्हणता येणार नाही. आपण तिच्याकडे माझ्यासाठी एक शब्द टाकावा." मग फोन म्हणाला, "फळे लहान आहेत. परंतु गोड आहेत."

ज्या माणसाने पोटच्या पोरीसाठी एक शब्द टाकला नाही, तो माझ्याकडे वशिला लावायला आला होता. आणि रिकाम्या हाताने काम सांगायचं नसतं, एवढं त्यांना नोकरीतून नक्की ठाऊक होतं. पण उभ्या आयुष्यात लाच पकडलेल्या त्या माणसाला लाच द्यायची कशी ते काही येत नव्हतं. मी घेते की परत करते, याकडे ते श्वास रोखून बघत होते.

मी पिशवीतलं एक संत्रं काढलं, तिथेच सोललं आणि खाल्लं. आंबट होतं. "काम होईल," मी म्हटलं.

त्यांना आमच्याच घरात बसवून मी चपला घातल्या आणि शेजारी गेले. शेजारीण कपड्यांच्या घड्या घालत होती. मी आडपडदा ठेवला नाही. तुझ्या वडिलांना इथे राहायचंय, तुझ्याजवळ, आणि ते तुला सांगायला मला पाठवलंय, असं सरळ सांगून टाकलं. तिने हातातला टॉवेल खाली ठेवला नाही.

"ते स्वतः म्हणाले?"

"स्वतः म्हणाले. कोट घालून आले होते. आणि मला संत्री दिली, तुझ्याकडे शब्द टाकावा म्हणून."

तिला आधी कळलंच नाही. मग हळूहळू चेहरा बदलला. तिने टॉवेल तोंडाशी धरला, हसतेय की रडतेय ते मला दिसेना, आणि जिन्याच्या पायरीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले, पाठीवर हात ठेवला. भिंतीपलीकडे काका आमच्या स्वयंपाकघरात फेऱ्या घालताना ऐकू येत होते.

"बाबांनी लाच दिली," ती म्हणाली. "माझ्यासाठी."